चिडून लिहिलेलं दरपत्रक

पहिल्या वेबसाइटचे मला अकराशे एक रुपये मिळाले, तेही आहेराच्या पाकिटात.

बिबवेवाडीत मी पेइंग गेस्ट म्हणून राहत होते, तिथून दोन गल्ल्या सोडून एक मंगल कार्यालय होतं. त्याच्या मालकांना इंटरनेटवर यायचं होतं. कशासाठी, ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. समोरचं कार्यालय आलं होतं म्हणून यांनाही यायचं होतं. मी पाच पानांची साइट केली. हॉलचे फोटो सायबर कॅफेत स्कॅन करून आणले, जेवणाच्या ताटांचे दर टाकले आणि पहिल्या पानावर गोल गोल फिरणारा गणपती बसवला, कारण तो त्यांना हवाच होता. काम पुरं झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग, काय द्यायचं तुम्हाला?"

"द्या तुम्हाला वाटेल ते," मी म्हणाले.

ते आत गेले आणि एक पाकीट घेऊन आले. वर लाल अक्षरात 'शुभविवाह' आणि कोपऱ्यात चिकटवलेलं रुपयाचं नाणं. मी वाकून नमस्कारसुद्धा केला.

आकडा सांगायची आमच्या घरात सवयच नव्हती. आजोबा यवतमाळजवळच्या एका गावात दुसऱ्याच्या वावरात कामाला जायचे. रोजी किती ते वावराचा मालक ठरवायचा. वडील शिकले, पंचायत समितीत कारकून झाले. त्यांचा पगार सरकार ठरवायचं. आम्ही बौद्ध. शिका, शिका, हे घरात उठता-बसता कानावर पडायचं आणि मी शिकलेही. बी.एस्सी. केलं, पुण्यात येऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. पण शिकून झाल्यावर 'माझ्या कामाचे एवढे होतात' हे तोंडाने कसं म्हणायचं, ते कुणी शिकवलं नाही, कारण घरात कुणाला ते कधी म्हणावंच लागलं नव्हतं.

त्याआधी मला नोकरी होती. कंपनी अमेरिकेतल्या कंपन्यांची कामं करायची. तिकडे काहीतरी बुडालं आणि इकडे आम्हा सगळ्यांना एका शुक्रवारी टेबलावरचे फोटो आणि डबे उचलून घरी जायला सांगितलं. मी यवतमाळला कळवलं नाही. आई शेजाऱ्यांच्या फोनवरून विचारायची, "काहून वं, काम चाललं ना तुयं?" आणि मी म्हणायचे, "करून राहिली ना, आई." सकाळी एका क्लासमध्ये टायपिंग शिकवायचे, दुपारी खोलीतल्या असेम्बल केलेल्या कॉम्प्युटरवर साइट करायला शिकायचे.

त्या फिरत्या गणपतीमुळेच तो माणूस मला भेटला. टिळक रस्त्यावर त्याचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. बाहेर काचेवर कंपनीचं इंग्रजी नाव, आत एक रिसेप्शनिस्ट, आणि एसी जो गिऱ्हाईक आलं की चालू व्हायचा. त्याने मंगल कार्यालयाची साइट पाहून माझा पत्ता काढला होता.

"गणपती तुम्ही फिरवलात?" त्याने विचारलं.

"हो सर."

"किती घेतलेत?"

मी सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलून हसला. "अकराशे एक? मॅडम, तुम्ही काम केलंत की लग्नाला गेला होतात?"

मग त्याने आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला आणि कामाकडे वळला. दुसऱ्या भेटीपासून मी 'मॅडम'ची 'तू' झाले.

त्याची पद्धत सोपी होती. गिऱ्हाइकाशी तो बोलणार, साइट मी खोलीवर बसून करणार, एका साइटचे मला चार हजार मिळणार. "आकडा तू बोलायचाच नाही," तो म्हणायचा. "ते शास्त्र आहे. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. त्यानंतर जो पहिला तोंड उघडेल तो पैसे घालवेल." मला ते ऐकून हायसं वाटायचं. आकडा बोलायची माझी पीडा कुणीतरी आपल्या डोक्यावर घेतली होती. दीड वर्षात मी त्याच्यासाठी तेवीस साइट केल्या आणि त्यांतल्या एकाही गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नाही.

चोविसावं काम भोसरीतल्या एका कारखान्याचं होतं. पाण्याच्या लाइनला लागणारे व्हॉल्व्ह ते लोक बनवायचे. कारखाना एक बाई चालवत होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, टेबलावर व्हॉल्व्हचे नमुने पेपरवेटसारखे ठेवलेले. त्यांच्याकडे अडीचशे वस्तूंची यादी होती आणि ती कशी मांडायची हे त्याला सांगता येईना, म्हणून तो मला बरोबर घेऊन गेला. जाताना गाडीत म्हणाला, "विचारलं तरच बोल."

बाईंनी विचारलं. "ही यादी शोधता येईल असं पान कोण करणार आहे?"

"ते मीच करून राहिली, मॅडम," मी म्हणाले.

घाईत घरची बोली तोंडात आली. खोलीत बाईंचे दोन इंजिनीअर होते. तो त्यांच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "ही आमच्याकडे टायपिंगला असते. करून राहिली, करून राहिली, म्हणता म्हणता आमच्याकडेच राहिली."

इंजिनीअर हसले. बाई हसल्या नाहीत. मी हसले. माझ्यावरच केलेल्या विनोदाला मी दात दाखवले, आणि तो क्षण आठवला की आजही मानेपासून वर तापत जातं.

निघताना बाईंनी फोटोंची आणि माहितीची फाइल माझ्या हातात दिली. तो पुढे दुसऱ्या मीटिंगला गेला, मी भोसरीहून बस धरली. बसमध्ये फाइल उघडली तर फोटोंच्या खाली त्याच्या कोटेशनची प्रत अडकवलेली होती. एकूण रक्कम पंचावन्न हजार. त्याखाली काम करणाऱ्यांची माहिती होती: मुख्य डिझायनर, परदेशी प्रकल्पांचा दीर्घ अनुभव. मी तोवर गोवाही पाहिला नव्हता.

स्वारगेटला उतरायचं मी विसरले. कात्रजपर्यंत गेले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी त्याच्यासमोर उभी होते.

"सर, भोसरीचं कोटेशन मी पाहिलं."

त्याने चष्मा काढून रुमालाने पुसला. "बरं. मग?"

"पंचावन्न हजार लिहिलेत."

"वाचता येतं तुला. छान."

"मला चार मिळतात. मला पंधरा पाहिजेत."

"पाहिजेत!" त्याने तो शब्द जिभेवर घोळवला. "हे बघ, ते पंचावन्न वेबसाइटचे नाहीत. ते या ऑफिसचे आहेत, माझ्या इस्त्रीच्या शर्टाचे आहेत, माझ्या बोलण्याचे आहेत. तू जा की त्या बाईंकडे. म्हण, मी करून राहिली, द्या पंचावन्न हजार. देतील?"

मी हातातली फाइल घट्ट धरली.

"आणि एवढी ओढाताण करायची कशाला?" तो अगदी मायेने म्हणाला. "तुम्हा लोकांना सरकारी नोकऱ्या ठेवलेल्या असतात. द्यायची एखादी परीक्षा. इथे सगळं मेरिटवर चालतं, बाई."

दीड वर्षांपूर्वीच्या त्या 'अच्छा'चा अर्थ असा उशिरा हातात आला. तेवीस साइट माझ्या होत्या, आणि मेरिट त्याचं होतं.

मी फाइल त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "येते सर." त्या 'येते'चा आणि त्या 'सर'चा मला त्याच्यावरच्या रागापेक्षा जास्त राग येतो. जिना उतरेपर्यंत मी ठरवलं होतं की या माणसाचं ऑफिस बंद झालं पाहिजे. त्याला अद्दल घडावी वगैरे मोघम काही नाही. ऑफिस बंद, एसी बंद, काचेवरचं नाव खरवडून काढलेलं, असं स्वच्छ चित्र डोळ्यांसमोर होतं.

पुढचे पंधरा दिवस मी एकच गोष्ट लिहीत होते. दरपत्रक. वेबसाइटला खरोखर काय लागतं ते एकेका ओळीत, समोर रुपये. इंटरनेटवर साइटचं नाव नोंदवायचे सातशे. साइट जिथे ठेवायची त्या जागेच्या वर्षभराच्या भाड्याचे दीड हजार. पहिल्या पानाचे दोन हजार, पुढच्या प्रत्येक पानाचे तीनशे. फोटो स्कॅन करायचे दहा रुपये नग. दहा पानं आणि वीस फोटो धरले तर बेरीज सात हजार शंभर. तेव्हा इंटरनेटवर मराठी अक्षरं धड दिसायची नाहीत, चौकोन उमटायचे. म्हणून मी सगळं पत्रक मराठीत टाइप करून त्याचं चित्र बनवलं आणि तेवढंच एक पान असलेली स्वतःची साइट उभी केली. सगळ्यात खाली एक ओळ लिहिली: 'यापेक्षा जास्त दिले असतील, तर ते कशाचे दिले हे ज्यांना दिले त्यांना विचारावे.'

ती ओळ मी किती वेळा वाचली असेन! पुण्यात येऊन मला चार वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच या गावाची भाषा माझ्या हाताला लागली होती.

आता ते पान त्याच्या गिऱ्हाइकांना दाखवायचं होतं. मला त्यांचे फोन माहीत नव्हते, चेहरे माहीत नव्हते. पण प्रत्येक साइटवर 'आमच्याशी संपर्क साधा' असं एक पान असतं, त्यात लिहिलेलं थेट मालकाच्या मेलवर जातं. ती तेवीस पानं मीच केली होती.

एका दुपारी मी सायबर कॅफेत जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर एक कॉलेजकुमार कुणाशी तरी चॅट करत फिदीफिदी हसत होता. मी इंग्रजीत चार ओळी तयार केल्या होत्या: तुमची वेबसाइट मी बनवली आहे, ती बनवायला काय खर्च येतो ते पुढच्या पत्त्यावर पाहावे, आपली नम्र. एकेक साइट उघडायची, त्या ओळी भरायच्या, बटण दाबायचं. प्रत्येक वेळी पडद्यावर इंग्रजीत उमटायचं, 'धन्यवाद, आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क करू.' तेही वाक्य माझंच. लाइन दोनदा तुटली. तेविसावं बटण दाबून झाल्यावर भोसरीच्या बाईंना त्यांनी दिलेल्या व्हिजिटिंग कार्डावरच्या पत्त्यावर वेगळी मेल केली. दोन तासांचे चाळीस रुपये दिले आणि बाहेर येऊन वडापाव खाल्ला. मला आयुष्यात इतकी भूक कधी लागली नव्हती.

चौथ्या दिवशी घरमालकीण काकूंनी दारावर टकटक केली. "अगं, कुणी सर आहेत फोनवर. फार तापलेत."

"काय केलंस तू हे?" तो ओरडला.

"दरपत्रक लावलं, सर."

"माझे क्लायंट आहेत ते!"

"साइट माझ्या आहेत."

"अगं, सात हजारांत धंदा होतो का? उपाशी मरशील."

"तुम्ही तर चार देत होता."

यावर मी गप्प बसले. तोही गप्प बसला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून कान देत होत्या, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. शेवटी तोच बोलला. "बरं. पंधरा देतो. ते पान काढ."

"आता मी पंधराला येत नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. भोसरीच्या बाईंनी ठरलेलं काम रद्द केलं. एका साडीच्या दुकानदाराने त्याच्या ऑफिसात जाऊन तमाशा केला. दोन-तीन जणांनी दुसऱ्या वर्षाचे पैसे थांबवले. पत्रक एकाकडून दुसऱ्याकडे फिरलं, आणि ज्यांनी त्याला काम द्यायचं कबूल केलं होतं ते त्याची छापील प्रत घेऊन त्याच्याकडे जायला लागले. दिवाळीनंतर मी मुद्दाम टिळक रस्त्यावरून गेले. काचेवर 'जागा भाड्याने देणे आहे' असा कागद होता आणि त्याच्या कंपनीच्या नावातली तीन अक्षरं अजून निघायची राहिली होती. समोरच्या रसवंतीत बसून मी आलं-लिंबू घालून दोन ग्लास रस प्यायले, त्या काचेकडे बघत, सावकाश. त्याच्या रिसेप्शनिस्टने कित्येकदा तिच्या डब्यातली पोळी मला दिली होती. तिचं काय झालं असेल, हे त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही.

त्याची नऊ गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. भोसरीच्या बाई सगळ्यात आधी. मी खूश होते. मग काम सुरू झालं आणि माझ्या लक्षात यायला लागलं की पत्रक लिहिताना माझं लक्ष खर्चावर नव्हतं, त्याच्या तोंडावर होतं. जो आकडा वाचून त्याचं तोंड उतरेल तो मी लिहिला होता. भोसरीला जायचं बसभाडं त्यात नव्हतं. 'हा निळा जरा जास्तच निळा वाटतो' असे आठवड्यातून सहा फोन यायचे, ते नव्हते. गुरुवारी वीज जायची, ते नव्हतं. मला आठ दिवस ताप आला आणि एकही पान झालं नाही, ते तर नव्हतंच. सकाळचा टायपिंगचा क्लास मला सोडता आला नाही.

एका रविवारी माझी मैत्रीण आली. आम्ही डिप्लोम्याला एका बाकावर होतो. लग्नानंतर ती कात्रजला डेअरीच्या मागे राहायची आणि लहान मुलीला सांभाळून घरून साइट करायची. मुलीला कडेवरून उतरवून तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या कॉटवर ठेवला. माझंच पत्रक होतं.

"हे तू केलंस?"

"हो."

"हडपसरचे एक डॉक्टर आहेत. चौदाला ठरलं होतं आमचं. काल त्यांनी हा कागद पुढे टाकला. म्हणाले, सातला करा, नाहीतर हिच्याकडे जातो."

मी काय म्हणाले ते लिहायला लाज वाटते. मी म्हणाले, "मग पाठव माझ्याकडे."

तिने कागदाची पुन्हा घडी घातली. "सातला घेतलं मी. मुलीच्या शाळेची फी आहे." मग म्हणाली, "तुझं भांडण त्या माणसाशी होतं ना? मारायचंस त्याला. हा दर सगळ्या गावाला कशाला लावलास?"

"मला त्याच्याशिवाय दुसरं कुणी दिसतच नव्हतं."

"मी दिसायला पाहिजे होते," ती म्हणाली, मुलीला उचललं आणि चहा न घेता गेली.

ती बरोबर होती हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी पत्रक मी काढलं नाही. आणखी चार महिने काढलं नाही. कुणीतरी सांगितलं होतं की तो आता घरून फोन करून पुन्हा गिऱ्हाइकं गोळा करतोय. मी पान काढलं की तो पुन्हा पंचावन्न लावणार, असं मी स्वतःला बजावत होते. ते निमित्त होतं. खरं म्हणजे रोज सकाळी ते पान उघडून ती शेवटची ओळ वाचायचं मला व्यसन लागलं होतं.

शेवटी भोसरीच्या बाईंनी मला समोर बसवलं. त्यांच्या यादीत चौथ्यांदा बदल करून मी गेले होते.

"याचे किती?" त्यांनी विचारलं.

"याचे काही नाहीत. पत्रकात नाहीये."

"तुमचं पत्रक चुकलंय," त्या म्हणाल्या. "मी तीस वर्षं व्हॉल्व्ह विकते. शेजारच्यावर खार खाऊन एकदा मीही दर पाडला होता. वर्षभर मशीनला तेल घालायला पैसे नव्हते." त्यांनी एक नमुना उचलून हातात फिरवला. "त्या गृहस्थांचे पंचावन्न मला जास्त वाटले नव्हते, बरं का. ते खोटं बोलले म्हणून मी काम काढून घेतलं. तुम्ही खरं बोलता, तर खरे पैसे सांगा."

त्या दिवशी मी भोसरीहून थेट कात्रजला गेले. मैत्रिणीने दार उघडलं आणि बाजूला झाली, ये म्हणाली नाही. मी तिच्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीतलं एक पान मागून घेतलं आणि म्हणाले, "बस. आपल्याला दर लावायचाय." संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी जमिनीवर बसून लिहीत होतो. तिने फोन घातले, बसभाडं घातलं, आजारपण घातलं. मुलगी झोपल्यावर केलेल्या कामाला वेगळा दर असावा असं ती म्हणाली आणि मी तो लिहिला. बेरीज बावीस हजारांवर गेली तेव्हा आम्ही दोघी घाबरलो. मग तिने आणखी एक ओळ सुचवली आणि तीही पत्रकात गेली: 'माझा भाचा हे फुकटात करतो, असे म्हणणाऱ्यांस दोन हजार अधिक.' जुन्या पत्रकातली सगळ्यात खालची ओळ मात्र मी खोडू दिली नाही.

"तुमच्या पानावर सात होते की," नवं पत्रक चढवल्यावर लोक म्हणायचे.

"होते," मी म्हणायचे आणि गप्प बसायचे. काही उठून गेले. काही पाच-दहा मिनिटं पंख्याकडे बघत बसले आणि मग बोलले. हे मी कुणाकडून शिकले ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

पुढे गाव बदलत गेलं. हिंजवडीकडे बसगाड्या भरभरून जायला लागल्या, वाघोलीच्या कॉलेजांतून दर वर्षी पोरं-पोरी बाहेर पडू लागल्या, मोबाइलवर साइट बघायचे दिवस आले. मी सातारा रस्त्यावर एक छोटं ऑफिस घेतलं. हाताखाली चार जण होते. भाव मी सांगायचे, आणि त्यांना काय मिळतं व गिऱ्हाइकाला काय लावलंय हे दोन्ही आकडे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेले असायचे. एकदा यवतमाळहून वडील आले, त्यांनी तो फळा दोनदा वाचला. मग विचारलं, "हे तू ठरवतेस?"

मी हो म्हणाले.

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही, बाबा."

त्यानंतर साधारण दोन वर्षांनी, एका दुपारी, तो माणूस माझ्या ऑफिसात आला. केस गेले होते, शर्टाला इस्त्री मात्र होती. बायकोने घरगुती मसाले करायला सुरुवात केली होती, त्याची साइट हवी होती. पिशवीतून चार पुड्या काढून त्याने टेबलावर मांडल्या.

"ओळखलंत ना आपण?" त्याने विचारलं. 'तू'चा आता 'आपण' झाला होता.

"बसा."

"हल्ली काय दर आहे आपला?"

या प्रसंगाची मी मनात किती तालीम केली होती! कधी मी त्याला दोन लाख सांगायचे, कधी चार हजार सांगून नोटा मोजायला लावायचे, कधी टायपिंगला येणार का असं विचारायचे. आता तो समोर बसला होता आणि यातलं काहीच पुरेसं वाटेना.

"तुमचं काम मी करत नाही," मी म्हणाले.

"दर तरी सांगाल?"

"तुमच्यासाठी दर नाही."

तो गप्प बसला. मीही बसले. माझी माणसं कॉम्प्युटरवरून मान वर करून बघायला लागली. मला काही घाई नव्हती. मी दिवसभर बसले असते. "बायको करते हो," तो शेवटी म्हणाला. "माझं काही नाही त्यात."

"पुड्या घेऊन जा."

त्याने चारही पुड्या एकेक करून पिशवीत भरल्या. दार लागल्यावर मी सगळ्यांसाठी भजी मागवली, इतका आनंद झाला होता मला. तो लपवण्यात काही अर्थ नाही. लगेच कात्रजला फोन लावला आणि मैत्रिणीला सगळं नाट्यासकट ऐकवलं.

"माझा नंबर दिलास का?" तिने विचारलं.

"त्याला? वेडी आहेस काय?"

"मी घेतलं असतं. काम काम असतं."

त्याने तिला शोधून काढलंच. तिने काम घेतलं, पुरा दर लावला, वर आणखी पाच हजार माझ्या नावाने लावले, असं ती सांगते. त्याने घासाघीस केली नाही. दुरुस्त्या दोनच सांगितल्या, वेळेवर चेक दिला. "चांगलं गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली, आणि मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

मग एकदा तिच्या घरी जेवायला गेले असताना तिने पोळी लाटता लाटता सांगितलं, "तो तुझ्याबद्दल बोलत होता."

"काय?"

"म्हणाला, माझ्याकडे आलेल्यांत सगळ्यात चांगली तीच होती. तिला तिची किंमत कळली असती तर ती महिनाभरही थांबली नसती. म्हणून कळू दिली नाही."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. तिने सांगितलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून डोकं फिरलं. माझी किंमत त्या माणसाने पहिल्याच दिवशी अचूक ओळखली होती, त्या 'अच्छा'च्याही आधी, आणि ओळखूनच चार हजारांना दाबून ठेवली होती. तो मूर्ख असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? बिल दिलं."

तिने पान वाढलं. आमटीला वेगळाच वास येत होता. त्याच्या बायकोचे मसाले ती घरात वापरते हे मला माहीत आहे. डबा ती फडताळात मागे ढकलून ठेवते.

"आमटी वाढू अजून?" तिने विचारलं.

मी वाटी पुढे केली आणि मसाला कुठला ते विचारलं नाही.